फोटोपुरता स्वेटर

मित्रांनो, मी ब्रह्मपुरीतला एक जुना स्वेटर आहे. माणसांच्या दानधर्माबद्दल माझे मत फार वाईट आहे. का, ते ऐका.

चंदाबाईंनी मला त्यांच्या लेकीसाठी, दिव्यानीसाठी, विणले. तीन हिवाळे मी तिला ऊब दिली. शाळेत बाईंनी माझे कौतुकही केले. मग ती वाढली, मी आखूड झालो आणि तिच्या वडिलांनी, धनराजरावांनी, मला गाडी पुसायला घेतले. कोपरे फाटले, बटणे गेली, अंगात ऑइलचा वास मुरला. त्याचे मला दुःख नव्हते. काम ते काम.

या दिवाळीच्या सुट्टीत मात्र धनराजरावांना दानाची हुक्की आली. आलापल्लीच्या पुढे, जंगलातल्या एका गावात कपडे वाटायचे ठरले. त्यांनी मला झटकले आणि पिशवीत कोंबले.

"बाबा, यानं तर तुमी गाडी पुसता," दिव्यानी म्हणाली.

"त्याइले चालते. द्याची सवय लागली पाह्यजे तुले."

काय ही थोर शिकवण! घरातली अडगळ दुसऱ्याच्या गळ्यात मारायची आणि वर पुण्य मागायचे.

गावात दिव्यानीने मला भागीरथाबाई नावाच्या एका बाईच्या लहान मुलीच्या हातात दिले. धनराजरावांनी मोबाईल रोखला. "हस ना, बेटा!"

भागीरथाबाईने मला नाकाशी नेले. "भाऊ, याले ऑइलचा वास येते. पोरीच्या अंगात कसा घालू?"

"फुकट भेटून राह्यलं, त्यातही नखरे!"

हे बोलणाऱ्याच्या अंगात दिवाळीचा कोरा कुर्ता होता.

भागीरथाबाई भांडली नाही. तिने घरातून सीताफळांची टोपली आणली. एकेक फळ हलकेच दाबून पाहिले, पाखरांनी टोचलेली बाजूला काढली. "हे आमी खाऊ. चांगले तुमी न्या, पाहुणे आहा ना."

धनराजरावांनी पिशवी गच्च भरली. लाज त्यांच्या वाट्याला आलीच नसावी. दिव्यानीचे मात्र डोळे भरले. तिने मला परत घेतले आणि त्या मुलीला विचारले, "तुले कोणता रंग आवडते?"

एवढ्या मोठ्या माणसांत हा प्रश्न कोणालाच सुचला नव्हता.

"पिवळा," मुलगी पुटपुटली.

घरी येताच दिव्यानीने आईला सगळे सांगितले. चंदाबाईंनी उरलेली सुट्टी पिवळा स्वेटर विणण्यात घालवली. बटणे दिव्यानीने लावली. तो द्यायला मायलेकी बसने निघाल्या, तेव्हा धनराजराव आपला मोबाईल पुढे करत म्हणाले, "फोटो काढजो मात्र!"

चंदाबाईंनी मोबाईल त्यांच्याच हातात ठेवला. "घ्या. तुमचाच काढत बसा."

मित्रांनो, द्यायचे असेल तर समोरच्याला आधी विचारा. जे स्वतःच्या अंगात घालवत नाही, ते खुशाल पुसायला वापरा. आम्ही जुने कपडे ते काम मानाने करू. पण आम्हाला तुमच्या मोठेपणाच्या फोटोत उभे करू नका. आम्हाला तुमची शरम वाटते.