सातवं झाकण

सोमवारी सकाळी आमच्या कृष्णकमळाचा परागकण नारळाएवढा झाला. मंगळवारी तो टेबलावरून उतरून जमिनीवर बसला, आणि बेलसरे सर माझ्याशी बोलताना वाकू लागले.

कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी बावीस वर्षं स्लाइड्स बनवते. माझ्या एकाही स्लाइडमध्ये हवेचा बुडबुडा नाही. हे मी मिरवायला सांगत नाही. खरं तर मिरवायलाच सांगते. सर विभागप्रमुख झाले ते आत्ता. नमुना बसवलेल्या गुलाबी जेलीच्या थेंबावर पातळ काच कशी ठेवायची हे त्यांना मीच शिकवलं. आधी एक कड टेकवायची, मग हळूहळू तिरकी खाली आणायची.

कृष्णकमळाच्या परागकणावर जाळी असते आणि जाळीत झाकणं. आमच्या कुंपणावरच्या वेलाची सरांनी त्यांच्या पुस्तकात सहा झाकणं लिहिली होती. मी सात म्हणत होते. पुस्तक शुक्रवारी छपाईला जाणार होतं.

"धायगुडेबाई, सहाच दिसतात," सर म्हणाले.

"सातवं खाली टेकलेलं असतं. तुम्ही वरूनच बघता."

गुरुवारी परागकण माझ्या घराएवढा झाला. फरशी काचेची झाली आणि सरांचा आवाज छताकडून येऊ लागला. मी खांदा लावून परागकण कुशीवर वळवला. सातवं झाकण तिथंच होतं. माझा ऊर भरून आला. ते उघडून मी आत शिरले, तसा परागकण पुन्हा त्याच्यावरच टेकला.

आत कोरडं, स्वच्छ होतं. मी पेन्सिलीनं प्रत्येक झाकणावर आकडा घातला. पायाखालचा सात जरा मोठा काढला. मग माथ्यावरचं झाकण ढकलून डोकं बाहेर काढलं. चारही बाजूंनी गुलाबी जेली चढत होती.

"सर, सात आहेत."

"सहा म्हणा आणि बाहेर या, बाई. मी चिमट्यानं उचलून घेतो."

"आकडे घातलेत मी. पुस्तकात दुरुस्त करा."

वरून चिमटा खाली ठेवल्याचा आवाज आला. मी डोकं आत घेतलं आणि सातव्या झाकणावर दोन्ही पाय रोवून उभी राहिले. वरच्या उघड्या झाकणातून पातळ काच दिसली. तिच्यावर एकही डाग नव्हता. सोमवारी मीच पुसून ठेवली होती. तिची एक कड टेकली, आणि ती हळूहळू, तिरकी, खाली येऊ लागली, अगदी मी शिकवलं होतं तशी.