चारचौघांतलं कार्ड

थोरलीने मूठभर माती दाबून गोळा केला आणि कमरेच्या उंचीवरून सोडला. गोळा फुटला. चिखल झाला नाही, धूळही उडाली नाही. वाफसा आला होता. पाच दिवसांत पेरणी उरकली नाही तर ओल जाणार होती, आणि पेरायची तिफण ओढ्यापलीकडच्या गावात, धाकट्या भावाच्या गोठ्यात होती. गेल्या वर्षी चार दिवसांसाठी नेलेली.

तिने आधी दोन बंद पाकिटं पाठवली होती. दोन्ही त्याने वाचली आणि चुलीत घातली, असं भावजयच सांगून गेली.

या वेळी तिने पोस्टकार्ड काढलं.

"पाकिटात मजकूर जास्त मावला असता," नवरा म्हणाला.

"वाचणारे कमी मावले असते."

तिने लिहिलं: 'तिफण तू स्वतः आणून देणार, हे कळून बरं वाटलं. लोक काहीबाही बोलतात. मी सांगते, माझा भाऊ तसा नाही.'

दोन्ही गावांना टपालवाला एकच. कार्ड तो पूर्ण वाची, पत्त्याची खात्री करायला म्हणून. मग गिरणीत टेकायचा, न्हाव्याकडे टेकायचा, आणि कार्डही त्याच्याबरोबर टेकायचं. तोवर लोक खरं तर काहीच बोलत नव्हते. कार्ड ऐकल्यावर मात्र आपण काय बोलत होतो, ते एकेकाला आठवू लागलं.

तिसऱ्या दिवशी सकाळीच भावाची बैलगाडी दारात आली. एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर खुंट तसेच. त्याने तिफण उतरवली.

"आक्का, काय मांडलंयस हे? गिरणीवाला माझं दळण घेईना. न्हावी अर्ध्या दाढीवर थांबला. म्हणे, आधी तिफण पोचव."

"कार्डात लिहिलंय की सगळं."

"कुठलं कार्ड? मला कार्ड आलंच नाही अजून."

थोरलीने वाकून तिफणीचे फण तपासले. एक ढिला होता.

"येईल," ती म्हणाली. "पत्ता तुझाच आहे. पाचर ठोकून दे एवढी, आलायस तर."

कार्ड त्याला पाचव्या दिवशी मिळालं. तेव्हा इकडे शेवटच्या दोन ओळी पेरायच्या राहिल्या होत्या. कार्डाला पीठ लागलं होतं, एका कडेला साबण वाळला होता, आणि मजकुराखाली कुणीतरी पेन्सिलने लिहून ठेवलं होतं: 'पोचवली. परवाच.'