पडद्यावर बदनाम झालेला सयाजीचा टेम्पो

मित्रांनो, मी एक जुना टेम्पो आहे. भंगार म्हणू नका, राग येतो. जन्म कारखान्यातला असला तरी मला वळण लावलं ते अवसरी बुद्रुकच्या सयाजीने. बैलांचे पाय घसरू नयेत म्हणून त्याने माझ्या हौद्यात उसाचं पाचट अंथरलं आणि शर्यतीचे बैल न्यायचं काम आम्ही दोघांनी धरलं. खड्डा आला की सयाजी आधी बैलांना सांगतो, मग मला हळूच उतरवतो. फार गुणी माणूस!

एका सकाळी महाळुंगे पडवळच्या रस्त्यावर दोन अनोळखी माणसांनी बैल चढवला. "विकत घेतलाय, चाकणला न्यायचाय," म्हणाले. आमच्याकडे बैल विकला की घरची बाई त्याला कुंकू लावून ओवाळते आणि जुनं दावं घरीच ठेवून घेते. नवं दावं घेणाऱ्याने आणायचं. या बैलाच्या कपाळी कुंकू नव्हतं आणि गळ्यात दावं मात्र जुनं, घरी वळलेलं. सयाजीने हे हेरलं. त्याने मला थेट मंचरच्या पोलीस ठाण्यात नेऊन उभं केलं. बैल चोरीचा, महाळुंग्याच्याच मंगलकाकूंचा निघाला. सयाजीला शाल मिळाली, मला झेंडूचा हार. किती तरी दिवस मी ताठ्यात होतो.

पुढे या चोरीवर सिनेमा निघाला. त्या मंडळींनी मलाही कामाला घेतलं आणि मी मनातल्या मनात हिरो झालो. पिक्चर लागला तेव्हा आमची आळी माझ्याच हौद्यात बसून, गाणी म्हणत मंचरला गेली. मी बाहेर पार्किंगमध्ये. परत येताना मात्र कुणी गाईना.

"काय राव पिक्चर काढलाय!" शेजारचे गेणभाऊ म्हणाले. "बैलाचा घोडा केला. हिरोला बैलाचं भ्या वाटत आसंल."

सगळे हसले. सयाजीची बायको साळुबाई हसली नाही.

"डायवरला चोरांचा साथीदार दावलाय," ती म्हणाली. "नाव बदललं, पण टेम्पो आपलाच हाय. लोक वळखणार नाय व्हय?"

तसंच झालं. आधी नुसती चेष्टा, "सयाजीराव, तुमचा वाटा किती व्हता?" मग परगावचे लोक बिचकू लागले. शर्यतीचा बैल म्हणजे घरचं लेकरू, संशय आला की कोण हाती देणार? कामं थांबली. सयाजी रोज मला पुसायचा, पण एकाच जागी फडकं फिरवत राहायचा. मला फार वाईट वाटायचं.

आज यात्रेतली शर्यत. मंगलकाकू आपली बैलजोडी घेऊन आमच्या भर चौकात आल्या. बैलांपाशी मालकाचं माणूस बसतंच, हा इथला रिवाज. काकूंनी बैल चढवले, मागचा फाळका लावला आणि आपल्या माणसांना खाली उतरवलं.

"काकू, कुणीतरी बसा की मागं," सयाजी म्हणाला.

"कशाला? तू हाय ना!" काकू सगळ्या चौकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "तू हो पुढं. आमी येतो एसटीनं."

सयाजीला रडू आलं आणि मी पहिल्याच किल्लीला चालू झालो. हल्ली ते मला जमत नाही.

मित्रांनो, सिनेमा जरूर बघा. नाही आवडला तर पोटभर हसा. पण त्यातलं बघून आपल्या माणसाकडे वाकड्या नजरेने पाहू नका. माझा पत्रा चेपला तर गॅरेजात ठोकून सरळ होतो, माणसाची अब्रू होत नाही. बाजूला सरा बरं आता, वाट द्या. मागे मंगलकाकूंचे बैल आहेत, आम्हाला सावकाश जायचंय.