सुतार तर नसणारच

आमचं जुन्या पुस्तकांचं दुकान म्हणजे एकमेकांना जोडलेली तीन गोदामं. स्वयंपाकाच्या पुस्तकांकडे गेलेलं गिऱ्हाईक कायद्याच्या पुस्तकांमधून बाहेर पडतं. सगळ्यात मागे रहस्यकथा, आणि तिथे दर रविवारी जमते आमची खुनी मंडळी. पुस्तकाला जाड कव्हर घालायचं, म्हणजे लेखक कळत नाही. एकाने वाचायचं, शेवटच्या प्रकरणाआधी थांबायचं आणि बाकीच्यांनी खुनी सांगायचा. कोणीतरी हमखास ओळखतंच. मग त्याचा तोरा काय विचारता!

त्या रविवारी वाचायला बसली माझी धाकटी बहीण. ती शिवणकाम करते. कव्हराखालची कादंबरी तिचीच आहे, हे फक्त मला ठाऊक. पानं स्वतःच्या हाताने शिवून तिने जुन्या पुठ्ठ्यात बसवली होती. सकाळीच मला बजावून ठेवलं होतं, "ताई, एकानेही खुनी ओळखला तर हे थेट रद्दीत. पुन्हा लिहिणार नाही." भारी हट्टी आहे, बोलली म्हणजे करणार.

तिने पहिलं पान वाचलं आणि मी धास्तावलेच. घरमालक मरून पडलाय आणि शेजारी सुतार उभा, हातात पटाशी! म्हणे, दार करकरतं म्हणून मालकांनी बोलावलं, येऊन बघतो तर हे असं. पोलीस त्याला सोडून देतात. मनात म्हटलं, बाई गं, एवढं उघडं ठेवतात का? पुढे शेजारीण सांगते की दुपारभर त्या घरातून दाराचा आवाजसुद्धा आला नाही.

थांबायची वेळ झाली. मंडळीतल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी गोष्टीतल्या घरमालकाच्या पुतण्याला धरलं. आमच्या निवृत्त पोलीसकाकांनी त्याच्या औषधवाल्याला. ज्याला आम्ही शंकासुर म्हणतो त्याचा शेजारणीवर संशय होता, आणि थोडा तिच्या कुत्र्यावरही. माझ्याने राहवेना. सुताराचं काय, असं मी विचारून बसले आणि जीभ चावली. सगळे हसले.

"सुतार तर नसणारच," काका म्हणाले. "इतकं सरळ कुठे असतं?"

धाकटीने शांतपणे शेवटचं प्रकरण वाचलं. सुतारच! दार करकरत असतं तर शेजारणीला ऐकू आलं असतं. त्याला कोणी बोलावलंच नव्हतं. मुद्दाम तिथे उभा राहिला, कारण इतक्या उघड माणसावर शहाणे लोक संशय घेत नाहीत.

काकांनी कपाळावर हात मारला. म्हणाले, "पहिल्याच पानावर खुनी हातात दिला होता, आणि आपण सोडून दिला." मग त्यांनी लेखकाचं नाव विचारलं. धाकटी खाली मान घालून कव्हराशी चाळा करत बसली, तेव्हा मीच उठले.

"माझ्या बहिणीने लिहिलंय," मी म्हटलं. आवाज जरा चढलाच, पण चढू दे. अभिमानाने ऊर नुसता भरून आला होता.

डॉक्टरीणबाईंनी लगेच विचारलं, याची जुनी प्रत आमच्या दुकानात कधी येईल?

"जुनी नाही मिळायची," मी म्हटलं. "छापून आलं की नवं कोरं घ्या."

या दुकानात मी असं कोणाला पहिल्यांदाच सांगितलं.