अळंबीचे सतरा गुण

आमच्या वडगावात कुणालाही काहीही होऊ दे, सुहासकाकांकडं त्यावर व्हिडिओ असतोच. काका विमा ऑफिसातून रिटायर झाले आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गल्लीच्या तब्येतीचा कारभार हातात घेतला. आधी मेथीचं पाणी झालं, मग तांब्याची बाटली. गेल्या महिन्यात अळंबी आली.

साधी नव्हे. वाळलेली, पिवळट पांढरी, कागदी फुलासारखी चुरचुरीत. पाण्यात टाकली की तासाभरात कोबीच्या गड्ड्याएवढी फुगते, आणि खडीसाखर घालून शिजवली की तिचा बुळबुळीत, पांढरट रस होतो. काकांनी खडेबाजारातून पाकीट घेतलं तेव्हा तिचे फायदे पाच होते. घरी पोचेपर्यंत नऊ झाले. संध्याकाळी ग्रुपवर यादी आली तर सतरा! खोकला, गुडघे, सुरकुत्या, केस, झोप आणि पंधराव्या नंबरला ‘रक्तदाब मुळापासून’.

तो पंधरावा नंबर माझ्या आत्यानं वाचला.

मनुआत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. राहते आमच्याच घरात. सगळ्या गल्लीत पॉवरलूमचा खडखडाट चालतो आणि ही आपल्या खोलीत अजून हातमागावर साडी विणते. तिला बीपीची गोळी आहे, रोज सकाळी एक. उन्हाळ्यात तिनं चार-पाच दिवस चुकवली आणि मागावरच भोवळ येऊन पडली. कपाळावरचा व्रण अजून दिसतो. तेव्हापासून गोळीची आठवण करायचं काम माझ्याकडं आहे. मी नववीत आहे, वक्तृत्वात तालुक्यात पहिली आले आहे, त्यामुळं मला कुणी गप्प बसवू शकत नाही असा घरात समज आहे. आत्या बसवू शकते.

“आत्या, सोमवारपासून पाकिटात सातच्या सातच गोळ्या आहेत. आज गुरुवार!”

“अळंबी चालू हाय की माझी. दोन-दोन औषधं कशाला?”

“अगं, ते औषध न्हाय. खायची वस्तू आहे.”

“मग तर लईच बरं. औषधाची सवय लागत्या.”

मी शोधून शोधून वाचलं होतं. चीनमध्ये या अळंबीची खीर करतात, सूप करतात. तंतू भरपूर, पोटाला हलकी, कोरड्या घशाला बरं वाटतं. तोंडाला लावायच्या क्रीममध्येही तिचा अर्क घालतात. बाकीचे बरेच फायदे उंदरांवर पाहिलेले. आणि बीपीची गोळी सोड, असं एकाही उंदराला कुणी सांगितलेलं नव्हतं.

हे मी काकांना सांगितलं.

“भैरवी, चिनी लोक शेकडो वर्षं खातात ही.”

“दिवाळीला बाबांनी चिनी लायटिंग आणलं तर तुम्ही अर्धा तास देशभक्तीवर बोललात!”

“ते लायटिंग. ही वनस्पती आहे.”

“वनस्पती न्हाय काका, बुरशी.”

“सकाळी सकाळी शुभ बोल गं जरा!”

रोज सातला आमच्या कट्ट्यावर दरबार भरायचा, कारण फ्रिज आमचा. आई डब्यातला दोन-दोन चमचे रस गरम पाण्यात कालवून द्यायची. चव काहीच लागत नाही म्हणून काका वरून मध सोडायचे. शेजारचे परशरामअण्णा गुडघा वाकवून दाखवायचे, “बघा, लई दिवसांनी वाकलाय.” माधवीकाकू गाल पुढं करायच्या, “हात लावून बघ, कसा मऊ झालाय.” काका मोबाइलवर शूटिंग करायचे. आत्या आपला कप घेऊन मागाकडं जायची.

त्या गुरुवारीही गेली आणि लगेच ओरडली, “भैरवे, हिकडं ये गं! मुंग्या बघ!”

मागावरच्या उभ्या सुतावरून लाल मुंग्यांची रांग चालली होती. शिस्तीत, आमच्या शाळेच्या प्रार्थनेपेक्षा जास्त शिस्तीत.

“चाळीस वर्षांत माझ्या सुताला मुंगी लागली न्हाय,” आत्या म्हणाली. “सोमवारी खळ लावली तवाच सूत चिकट वाटलं. म्हटलं, हवा दमट असंल.”

खळ म्हणजे तांदूळ-साबुदाण्याची पेज. विणताना तुटू नये म्हणून सुताला लावतात. मी सुतावर बोट फिरवलं आणि चाटलं.

गोड! खडीसाखर!

मी स्वयंपाकघरात पळाले. फ्रिजमध्ये दोन डबे. दोन्ही आई-बाबांच्या लग्नातल्या आहेराचे, आणि दोन्हींवर एकच नाव कोरलेलं, ‘मष्णू मामांकडून’. आमच्याकडं भांडं ओळखायचं ते त्याच्या नावावरून. रविवारी काकांनी आईला बजावलं होतं, “रस मष्णूमामांच्या डब्यात आहे.” आत्यानंही खळ मष्णूमामांच्याच डब्यात ठेवल्याचं सांगितलं होतं. दोघंही खरं बोलले, पण सोमवारी आईनं आणि आत्यानं डबे उलटे उचलले.

मी परत पळत गेले. “आत्या, त्या खळीत मोरचूद होतं?” बुरशी धरू नये म्हणून घालतात ते निळं विष. माझा आवाज वक्तृत्वातला राहिला नव्हता.

“न्हाय. घरात शिल्लकच न्हाय, म्हणून तर फ्रिजात ठेवली. का गं?”

“कारण सुताला तू अळंबी लावलीस. आणि चार दिवस आपली गल्ली खळ पितेय.”

आत्यानं हातातल्या कपाकडं पाहिलं. बोट बुडवून दोन बोटांत चोळलं. विणणाऱ्या माणसाला याहून जास्त पुरावा लागत नाही. ती मागाच्या फळीवर बसली.

“काल गरगरत होतं मला,” ती हळू म्हणाली. “म्हटलं, अळंबी लागू पडत्या.”

तिचा हात कपाळावरच्या व्रणाकडं गेला. मी गोळ्यांचं पाकीट मुठीत घेतलं.

मग ती उठली आणि कट्ट्यावर गेली. काकांनी लगेच मोबाइल वळवला. “या मनुआक्का! सांगा सगळ्यांना, काय गुण आला?”

“तांदळाचा गुण हाय,” आत्या म्हणाली. “खळ प्यायलाय तुम्ही. माझ्या मागाची. अळंबी तिकडं मुंग्या खात्यात.”

माधवीकाकूंनी गालावरचा हात काढला. परशरामअण्णांचा गुडघा अर्धा वाकलेला तसाच राहिला. पहिल्यांदा सावरले ते काका.

“पण गुण आला ना? ते महत्त्वाचं!”

“व्हय की,” परशरामअण्णा म्हणाले. “मनुआक्का, अजून हाय काय गं खळ?”

आत्यानं माझ्यासमोर हात पसरला. “आण.”

मी गोळी ठेवली. तिनं सगळ्यांदेखत, चालू मोबाइलसमोर, पाण्याबरोबर गिळली. नंतर आईच्या स्कूटरवर बसून दवाखान्यात गेली. बीपी एकशे अठ्ठ्याऐंशी. डॉक्टरांनी विचारलं, गोळी का सोडली? आत्या म्हणाली, “शिकलेल्या माणसांच्या नादाला लागले.”

पाकिटात उरलेल्या अळंबीची आईनं दूध घालून खीर केली. गार, लुसलुशीत, एकदम झकास. मी दोन वाट्या खाल्ल्या. आत्यानं वाटी चाटूनपुसून खाली ठेवली.

“वस्तू चांगली हाय गं,” ती म्हणाली. “बिचारीवर उगीच सतरा कामं टाकली.”

काकांनी व्हिडिओ ग्रुपवर टाकला, पण आत्या गोळी गिळते तेवढा भाग वगळून. मी तो तुकडा मागून घेतला आणि वेगळा टाकला. आता रोज सातला आत्या कट्ट्यावर येते, गोळी गिळते आणि जीभ बाहेर काढून मला दाखवते.

“गेली. बघ.”

मी बघते. जिभेखालीसुद्धा.