धूपदान धरलेले हात

ज्याच्या हाती देवाचे धूपदान सोपवलेले असते, त्याचे हात आणि डोळे तेवढ्या वेळेपुरते त्याचे स्वतःचे नसतात. हे व्रत घेणे अवघड नाही. परंतु देव ज्या वाटेने जायचा त्याच वाटेवर आपले रक्ताचे माणूस उभे असेल, तर व्रतस्थाने काय करावे, हे दुसऱ्या कोणी सांगू नये. वेंग त्साईला ते त्या दिवशी स्वतःच ठरवायचे होते.

फूचौच्या एका जहाजावर त्साई धूपसेवक होता. जहाज नागासाकीच्या बंदरात लागले की त्यावरची समुद्रमाता मात्सू वाजतगाजत डोंगरउतारावरच्या मंदिरात मुक्कामाला जाई, आणि नांगर उचलण्याआधी तशीच परत येई. एरवी चिनी खलाशांना आपल्या वसाहतीच्या तटाबाहेर पाऊल टाकण्याची मुभा नव्हती. देवीसोबत चालताना काय ते नगर दृष्टीस पडायचे. त्साईला तेही पडत नसे. धूपदान धरणाऱ्याने नजर राखेवरून हलवायची नाही आणि पाऊल थांबवायचे नाही. त्याची नजर ढळली तर समुद्रात जहाजाची वाट ढळते, अशी साऱ्यांची श्रद्धा होती.

याच बंदरात, मारुयामा या गणिकांच्या वस्तीतल्या ओताकीपासून त्याला ओसायो ही मुलगी झाली होती. लहान होती तोवर ती आईच्या पाठुंगळीला बसून वसाहतीत येई. त्साई तिला मांडीवर घेऊन आपल्या गावची रीत शिकवी: देवीला उदबत्तीच्या काड्या तीन, डाव्या हाताने, आणि मधली आधी. पुढे ओताकीने मारुयामा सोडले आणि येणे खुंटले, कारण गणिकांखेरीज कोणा स्त्रीला वसाहतीच्या दारातून आत घेत नसत. बंदरात जन्मलेले मूल जहाजातून नेण्यास तर सक्त मनाईच होती.

आता त्साईचे गुडघे थकले होते. ही त्याची शेवटची सफर. निघण्याच्या सकाळी मंदिराच्या ओसरीवर दुभाषे निशिमुरा त्याच्याजवळ येऊन बसले.

"त्साई, ओताकी हिवाळ्यात गेली," ते हळूच म्हणाले. "मुलगी मिरवणुकीच्या वाटेवरच्या पुलाजवळ कंदीलवाल्याकडे कामाला असते. तिला निरोप पोचवलाय. येईल की नाही, ते मात्र तिच्या मनावर."

त्साई बराच वेळ धूपदान पुसत राहिला. "रागावली असेल?"

"विचारलं मी. कागद चिकटवत बसली."

मिरवणुकीपुढे काठी फिरवणारा गाओ खांबाला टेकून ऐकत होता. "म्हातारबा, पुलावर जरा मान वळव की. देवी काय तुझी सासू आहे, डोळे वटारायला?"

"वादळात तू तिला आई आई म्हणून हाका मारत होतास, तेव्हा नाही सुचलं हे?"

"बरं, मान नको वळवूस. मी पुलावर काठीचे दोन हात जास्त करतो. सगळेच रेंगाळतील. कोणाला कळणारसुद्धा नाही."

"नको रे, गाओ. जहाजावरच्या प्रत्येकाची घरी कोणीतरी वाट बघतंय. माझ्या एकट्यासाठी देवीला रस्त्यात उभी करायची नाही."

गाओने काठी उचलली.

झांजा वाजल्या, पताका हलल्या, देवी निघाली. पुलावर गर्दी दाटली होती. नगरातली माणसे पुढे होऊन धूपदानात काडी खोचत आणि मनातले मागणे देवीला सांगत. प्रत्येकाला त्साई एकच उत्तर देई, "आईने ऐकलं." राखेवर येणारे हात तेवढे त्याला दिसत: जाड, नाजूक, सुरकुतलेले. सगळे उजवे, आणि प्रत्येकात एकच काडी.

पुलाचा चढ संपला. उतार लागला. त्साईने मनाशी म्हटले, नाही आली. पाऊल मात्र त्याने थांबवले नाही.

तेवढ्यात राखेवर एक डावा हात आला. बोटांना वाळलेली खळ लागलेली होती आणि नखांत लाल कागदाचा रंग. त्या हाताने मधली काडी आधी रोवली. मग एक इकडे, एक तिकडे.

"माते," धूपदानाशेजारून चालत एक तरुण आवाज म्हणाला, "आई हिवाळ्यात गेली. झोपेतच गेली. मी बरी आहे. मालकीण तोंडाची तिखट आहे, पण पोटभर जेवू घालते. ज्यांनी मला ही रीत शिकवली, त्यांना सुखरूप घरी पोचव. त्यांच्यावर माझा राग नाही."

त्साईची मान ताठ राहिली. राखेत दोन थेंबांचे बारीक खळगे पडले.

"आईने ऐकलं," तो म्हणाला. रीतीप्रमाणे ते एकदाच म्हणायचे असते. काही पावलांनंतर तो पुन्हा म्हणाला, "आईने ऐकलं, पोरी."

हात मागे राहिला. मिरवणूक धक्क्याकडे वळली.

देवी जहाजावर आपल्या जागी बसल्यावर गाओ घाम पुसत जवळ आला. "दिसली का रे?"

"नाही."

"मग?"

"खळ लागलेली आहे बोटांना," त्साई म्हणाला. "काम नीट करत असणार."

धूपदानात त्या तीन काड्यांचा तळ अजून धुमसत होता. त्याने त्यावर हाताचा आडोसा धरला.

पुलावर उभ्या राहिलेल्या त्या लेकीला पोटभर अन्न आणि मायेचे माणूस मिळो. त्या म्हाताऱ्याला परतीचा वारा सौम्य असो. आणि त्या दोघांमधल्या समुद्रावर मातेची नजर अढळ राहो.