क्लीटसची होडी

मी होडी बोलतेय, शॉर्टलंड बेटाच्या वाळूवर पालथी पडलेली. असं पालथं पडून बोलणं सोपं नाही, तोंडात वाळू जाते. पण गेले नऊ दिवस मला गप्प राहवत नाही.

माझा जन्म समोरच्या मोठ्या बेटावरचा, बोगनव्हिलचा. ह्युबर्ट नावाच्या माणसाने एका खोडातून मला कोरून काढलं. त्याला घाई कशी ती ठाऊकच नव्हती. त्याची बायको व्हेरोनिका रोज विचारायची, मासे यंदा खायला मिळणार की पुढच्या वर्षी? तो हसायचा आणि पुन्हा ठोकत बसायचा. त्यांचा मुलगा क्लीटस तेव्हा आठ वर्षांचा होता. मी पाण्यात उतरल्यावर त्याला नुसतं बसायची परवानगी मिळाली. वल्ह्याला हात लावला की बाप म्हणायचा, "मोठा हो आधी."

मग लढाई सुरू झाली. डोंगरात बंडखोर, रस्त्यावर सरकारी सैनिक, इथवर मलाही कळत होतं. पुढे एकाच गावातली पोरं दोन्हीकडे गेली, आणि कोण कुणाचा ते कुणालाच कळेनासं झालं. समुद्राची नाकेबंदी झाली. मीठ संपलं, साबण संपला, दवाखान्यातल्या औषधाच्या बाटल्या रिकाम्या झाल्या. सैनिक दिसेल ती होडी फोडत, म्हणून ह्युबर्टने मला खारफुटीत पाल्याखाली लपवलं. भरतीचं पाणी अंगाला लागायचं आणि निघून जायचं. जीव नुसता तळमळायचा.

एके सकाळी सैनिक ह्युबर्टलाच घेऊन गेले. तो बंडखोरांना मासे पुरवतो, असं कुणीतरी सांगितलं होतं. घर दाखवायला पुढे होता गावातलाच सिलास, शेजारच्या पर्पेतुआ आजीचा मुलगा. ह्युबर्ट परत आला नाही.

त्या दिवसापासून बारा वर्षांचा क्लीटस घरातला कर्ता झाला. मळ्यातले कंद तोच खणून आणायचा. पाल्याखालून हात घालून माझ्या तळाला कुठे चीर गेली का, ते चाचपायचा आणि जायचा. थोड्या वेळाने पुन्हा यायचा. त्याचं एका जागी मन लागत नसे. व्हेरोनिकाला हिवतापाने धरलं होतं, धाकटी डोरका तीन वर्षांची होती, आणि औषध होतं ते पाण्यापलीकडे, दुसऱ्या देशात, इथे शॉर्टलंडला.

एका दुपारी असा पाऊस कोसळला, की गस्तीच्या बोटीला स्वतःचं नाक दिसलं नसतं. क्लीटसने मला ओढून बाहेर काढलं. आईला बसवलं, डोरकाला तिच्या मांडीवर दिलं. मग तो परत गेला आणि पर्पेतुआ आजीला घेऊन आला. सिलासची आई म्हणून गावाने तिच्याशी बोलणंही टाकलं होतं.

व्हेरोनिका तापाने थरथरत होती, तरी उठायला लागली. "ही असेल तर मी उतरते. हिच्या पोराने तुझा बाप नेला."

"पोराने नेला. हिने नाही," क्लीटस म्हणाला. "आणि मला दुसरं वल्हं मारायला माणूस हवं. तू मारणार आहेस?"

म्हातारी म्हणाली, "मी राहते रे बाळा."

"आजी, तुम्ही पुढे बसा. आई, तू खाली बस. उशीर होतोय."

आवाज बारीकच होता, पण दोघींनी ऐकलं.

मधल्या पाण्यात लाटांनी मला दोनदा आडवं केलं. म्हातारीचे हात काटक्यांसारखे, पण वल्हं कुठे टाकावं ते तिला नेमकं ठाऊक होतं. एकदा बोटीच्या इंजिनाचा आवाज आला. सगळे वाकून निपचित बसले. डोरका रडू लागली, तेव्हा पर्पेतुआने मागे हात करून तिला पोटाशी घेतलं. व्हेरोनिकाने घेऊ दिलं. आवाज लांब गेला. किनारा लागेपर्यंत दोघी बायका एकमेकींशी अक्षर बोलल्या नाहीत.

इथे निर्वासितांच्या छावणीत औषध मिळालं, व्हेरोनिका उठली. कुटुंबप्रमुख म्हणून कागदावर सही क्लीटस करायचा. पर्पेतुआ त्यांच्याच झोपडीत राहिली आणि चार वर्षांनी तिथेच वारली. तिला शेवटची आंघोळ व्हेरोनिकाने घातली.

मग तिकडे शांतता झाल्याची बातमी आली. आणि नऊ दिवसांपूर्वी इंजिनाच्या बोटीतून एक माणूस उतरला. सिलास. आई कुठे आहे, असं त्याने विचारलं. क्लीटस आता सतरा वर्षांचा आहे. त्याने त्याला थडग्यापाशी नेलं, परत आणलं, माझ्या पाठीवर बसवलं आणि समोर उभा राहिला.

"माझे बाबा?"

"मी तिथे होतो," सिलास म्हणाला. "मी अडवलं नाही. कुठे पुरलंय ते मला माहीत आहे."

क्लीटसच्या मुठी वळल्या, सुटल्या. शेवटी तो म्हणाला, "चल. दाखव."

व्हेरोनिकाने ह्युबर्टची हाडं गुंडाळून आणायला नवी चटई दिली. मी जाऊ शकले नाही. माझा तळ कधीचाच उभा चिरलाय. दोघे एकाच बोटीतून गेले, एक पुढच्या टोकाला, एक मागच्या.

त्यानंतर खबर नाही. व्हेरोनिका दिवसातून दहा वेळा इथे येते, माझ्यावर हात टेकून समोर बघते आणि जाते. पालथी असल्याने मला पाणी दिसत नाही. तेव्हा तुम्ही जे कुणी या वाटेने जाल, जरा थांबा, तिकडे बघा. एखादी बोट दिसली, तर तीत दोघंही आहेत का, तेवढं मला सांगा.